दोन सारखे बल्ब

सप्तपर्णी फुलली की माझं डोकं उठतं. लोक म्हणतात, काय सुरेख वास आहे, आता थंडी येणार. ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिल्लीत या झाडाखालून गेलं की तो गोड, जड वास नाकात बसतो, ओढणीला लागतो, आपल्याबरोबर मेट्रोत चढतो आणि गाझियाबादला घरी पोचेपर्यंत उतरत नाही. कुणाला त्या वासानं रामलीलेचा मंडप आठवतो, कुणाला कॉलेजातलं प्रेम. मला आठवतं लेसन प्लॅनचं रजिस्टर. निळ्या पुठ्ठ्याचं, आत लाल रेघांचे रकाने आखलेलं. आणि मग राग येतो. अठ्ठावीस वर्षं झाली, कमी होत नाही. लोणच्यासारखा मुरत चाललाय.

हा मोसम बी.एड.च्या मुलामुलींचा. पावसाळ्यात ती आमच्या शाळेत शिकवण्याचा सराव करायला येतात आणि सप्तपर्णी फुलेपर्यंत त्यांचे फायनल लेसन सुरू होतात. कडक इस्त्रीच्या सुती साड्या, ज्या नेसून धड चालता येत नाही. बगलेत गुंडाळलेले चार्ट, थर्माकोलची मॉडेल्स, ओल्या गोंदाचा वास. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून आपलाच पाठ पुटपुटणाऱ्या मुली. विद्यापीठातून सुपरव्हायझर येतात, शेवटच्या बाकावर बसून पाठ बघतात आणि फॉर्मवर शेरा लिहितात. त्यांच्या सहीखाली शाळेतल्या विषयशिक्षिकेची सही लागते. भौतिकशास्त्राची विषयशिक्षिका मी. इतकी वर्षं ती सही मी करत आलेय.

ही मुलं येण्याआधीच आमच्या वर्गांना त्यांची चाहूल लागलेली असते. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी मला विचारत होती, “मॅम, इस बार राइट हैंड वाला है या सब हाथ उठाएँ?” तिच्या तोंडून आलं म्हणून मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं, आणि सांगताना ती अगदी सहज बोलत होती. सुपरव्हायझर आले की प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. शिकवणारीनं उजव्यांनाच विचारायचं. वर्ग कसा हुशार दिसतो! हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण बी.एड.च्या एका तुकडीकडून दुसरीकडे ते इतकं चोख पोचतं की विद्यापीठानं शिकवलेलं दुसरं काही तसं पोचत नसेल. मी त्या मुलीला रागावले नाही. तिच्यावर कसली रागावणार, मीही याच वाटेनं आलेय.

आमचं घर तेव्हा करोल बागेत होतं, दुसऱ्या मजल्यावर. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात. खाली गल्लीत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, वर आमच्याकडे पोह्यांचा आणि ऑइलचा एकत्र वास. मी एम.एस्सी. झाले तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले होते. फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये मी पाच वर्षं काढली. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी समीकरणं मी झोपेतही सोडवली असती. पण त्या पाच वर्षांत टॉर्च उघडून आतला बल्ब का पेटतो हे कुणी मला विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. प्रॅक्टिकलचे आकडे आम्ही सीनियर मुलांच्या वह्यांतून उतरवायचो. उत्तर आधी माहीत असायचं. उलटं मोजत जाऊन निरीक्षणं बसवायची, इतकंच काम.

बी.एड.ला जायचं ठरवलं तेव्हा आमच्या सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “क्यों? कुछ और नहीं मिला?” त्यांच्या लेखी मी वाया गेले होते. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. ज्या माणसाकडे दरवर्षी मुलं यायची ती कुठल्यातरी शाळेतल्या कुठल्यातरी बाईनं विषयाची गोडी लावली म्हणूनच येत असणार, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं असेल का? रस्ता ओलांडून मी समोरच्या इमारतीत गेले, शिक्षणाच्या विभागात. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “विषय तो आप लोग जानते ही हैं. हम यहाँ पढ़ाना सिखाएँगे.” झालं. एका इमारतीनं धरून चाललं की शिकवणं समोर शिकवतील, दुसरीनं धरून चाललं की विषय समोर शिकवलाय. मध्ये जेमतेम चाळीस पावलांचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना सप्तपर्णी. एका इमारतीतलं माणूस चहा प्यायलासुद्धा दुसऱ्या इमारतीत गेलेलं मी पाहिलं नाही. मूल पहिल्यांदा करंट हा शब्द ऐकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय येतं, ते कुठे अडतं, का अडतं, ही सगळी गोष्ट त्या रस्त्यावर पडलेली होती. ती उचलायचं काम दोघांचंही नव्हतं.

तिथे आम्हाला ज्ञानरचनावाद शिकवला गेला. मूल ज्ञान बाहेरून घेत नाही, स्वतः रचतं. फार सुंदर विचार आहे, माझा आजही त्यावर विश्वास आहे. पण तो आम्हाला कसा शिकवला? मॅडम नोट्स वाचायच्या आणि आम्ही साठ जण माना खाली घालून उतरवून घ्यायचो. “बालक स्वयं ज्ञान का निर्माण करता है, पूर्णविराम.” मॅडम पूर्णविरामसुद्धा सांगायच्या. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि ते रजिस्टर. पुण्याची माझी मावसबहीण डी.एड. करत होती, ती त्याला टाचण म्हणायची. आम्ही लेसन प्लॅन म्हणायचो. एका रकान्यात शिक्षिकेनं काय विचारायचं ते, शेजारच्या रकान्यात मुलांचं अपेक्षित उत्तर. म्हणजे मूल तोंड उघडण्याआधीच त्याचं बोलणं आपण लिहून ठेवायचं, शुद्ध, पूर्ण वाक्यात. सुरुवातीला प्रस्तावनेचे चार प्रश्न असायचे. पहिल्या तीन प्रश्नांना मुलांनी बरोबर उत्तरं द्यायची आणि चौथ्याला गप्प बसायचं. चौथ्यासमोर अपेक्षित उत्तराच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा असे: समस्यात्मक. मुलांना उत्तर आलं नाही की आपण हसतमुखानं म्हणायचं, चला तर मुलांनो, आज आपण हेच शिकणार आहोत. एकदा माझ्या मैत्रिणीच्या वर्गात एका मुलीनं चौथ्याही प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं. मैत्रीण स्टाफरूममध्ये येऊन रडली. तिचा पाठ बिघडला होता! आम्ही सगळ्यांनी तिची समजूत काढली आणि त्या आगाऊ मुलीला नावं ठेवली. आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. एका चांगल्या विद्यापीठात शिकलेल्या दहाबारा जणी, आणि मुलीला उत्तर आलं म्हणून आम्ही दुःखात.

माझा स्वतःचा फायनल लेसन मुलींच्या सरकारी शाळेत होता. विषय, विद्युत परिपथ. लाकडी फळीवर मी दोन टॉर्चचे बल्ब एकापुढे एक जोडले होते, बॅटरीपासून निघालेली तार पहिल्यातून दुसऱ्यात आणि परत. प्रश्न होता: दोनों बल्ब कैसे जल रहे हैं? अपेक्षित उत्तर: दोनों बल्ब समान रूप से जल रहे हैं. मी स्विच दाबला. खिडकीकडच्या बाकावरची सुनीता उभी राहिली, काटकुळी, तेल लावून दोन वेण्या घातलेली. म्हणाली, “दीदी, पहला ज़्यादा जल रहा है. उसको बिजली पहले मिली ना, उसने ज़्यादा ले ली.”

मी बल्बांकडे पाहिलं. पहिला खरंच जास्त पेटला होता. मागच्या बाकावर सुपरव्हायझर मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. मला काय करावं कळेना, कारण ते उत्तर माझ्या रकान्यात नव्हतं. मी म्हणाले, “ध्यान से देखो. दोनों बराबर हैं.” सुनीतानं लक्ष देऊन पाहिलं. “नहीं दीदी, पहला...” आणि मी म्हणाले, “बैठ जाओ.” आवाज चढवला नव्हता. गोड आवाजात म्हणाले, कारण आवाजाच्या गोडव्यालाही मार्क होते.

ती बसली. नंतर मी त्या वर्गाला तीन आठवडे शिकवलं. सुनीतानं एकदाही हात वर केला नाही, उजवाही नाही आणि डावाही नाही. माझ्या फॉर्मवर शेरा आला: अतिउत्तम, वर्गनियंत्रण प्रशंसनीय.

त्याच ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या रविवारी बाबा दिव्यांची माळ घेऊन बसले होते. दरवर्षीचं काम. त्या जुन्या माळांमध्ये एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. बाबा एक चांगला बल्ब हातात घ्यायचे आणि एकेका जागी लावून बघत जायचे. इथला काढ, हा लाव, नाही लागली, पुढे. माळ लागली की ते ओरडायचे, “सापडला चोर!” मी लहानपणापासून शेजारी बसून बघत आलेले. दोष जागेचा आहे की बल्बचा, हे कळायला अदलाबदल करायची, एवढी साधी युक्ती. बाबा वाणिज्य शाखेचे, फिजिक्सशी त्यांचा संबंध नाही. आणि मी एम.एस्सी. फिजिक्स, त्याच आठवड्यात सुनीतासमोर दोन बल्ब घेऊन उभी राहिलेली, मला ते दोन बल्ब अदलाबदल करून बघावंसं वाटलं नाही! तिनं मला तिचं म्हणणं सांगितलं होतं: पहिल्या जागेवर असलेल्याला जास्त मिळतं. बल्बांच्या जागा बदलल्या असत्या तर जास्त पेटणारा बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही जास्तच पेटला असता. तिनं स्वतःच म्हटलं असतं, अरे, जागेचं काही नाही, हा बल्बच वेगळा आहे. तिथून करंटही निघाला असता आणि रेझिस्टन्सही. दोन मिनिटांचं काम. पण हे मला सुचलं ते सातआठ वर्षांनी, कुठल्याशा दिवाळीत. तोवर सुनीता कुठे गेली कुणास ठाऊक.

मग मी शहाणी झाले असेन असं वाटेल. वर्गात झालेही थोडी. पण दर ऑक्टोबरला माझ्यासमोर फॉर्म यायचे, त्यांवर तेच शेरे असायचे आणि मी त्यांखाली सही करायचे. कारण कुणाच्या पोटावर पाय आणायचा नसतो. कारण मुलं गरीब असतात, खोल्या घेऊन राहतात. कारण प्रिन्सिपल म्हणतात, “सिस्टम से क्यों उलझना, मॅडम?” रागाचं असं आहे की तो स्टाफरूममध्ये चहाबरोबर फार छान लागतो.

या वर्षी पूनम आली. हरियाणातल्या रेवाडीची, दिल्लीत मुनिरकाला एका मैत्रिणीबरोबर खोलीत राहणारी. खोलीला खिडकी नाही, म्हणून चार्ट जिन्यात बसून रंगवते म्हणाली. तीसुद्धा एम.एस्सी. फिजिक्स. पहिल्या आठवड्यात तिचे लेसन प्लॅन सगळ्यांसारखेच होते, कारण मुनिरकाच्या झेरॉक्सच्या दुकानात ते तयार मिळतात, वर फक्त आपलं नाव घालायचं. पण तिच्यात एक गोष्ट होती. मुलगी बोलत असली की पूनम तिच्या तोंडाकडे बघायची, वहीकडे नाही.

फायनल लेसनला तिनंही तेच घेतलं, एकापुढे एक जोडलेले दोन बल्ब. लॅबच्या कपाटातून तिनं स्वतःच काढून नेले होते, मी पाहिलं नव्हतं. सुपरव्हायझर सर आले. दमलेला, सज्जन माणूस. त्यांचा स्वतःचा अभ्यासाचा विषय शाळांचं प्रशासन, आणि त्यांच्या यादीत शहराच्या चार कोपऱ्यांतल्या शाळा. एका मेट्रोतून उतरून दुसरीत चढायचं, ऑटो पकडायची, पाठ बघायचा, पुढे. तेही पक्क्या नोकरीत नव्हते. त्यांच्यावर मला धड रागावताही येईना, आणि त्याचाही राग आला.

पूनमनं स्विच दाबला. तिसऱ्या बाकावर महक बसते, दहावी बी मधली, सतत पेन्सिल चावणारी मुलगी. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “मॅम, पहले वाला ज़्यादा है. उसको करंट पहले मिल गया.”

मी शेवटच्या बाकावर होते. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

पूनमनं वाकून बल्ब पाहिले. मग सरळ होऊन म्हणाली, “हाँ. ज़्यादा तो है.” वर्गाकडे वळली. “मैंने सोचा था बराबर होंगे. क्यों नहीं हैं, मुझे भी अभी नहीं पता. तुम लोग बताओ, कैसे पता करें?”

तुम्हाला सांगते, त्या वर्गात मी चार वर्षं शिकवतेय, पण असा वर्ग मी पाहिला नव्हता. एक म्हणाली पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो. दुसरी म्हणाली मग दुसऱ्याला काहीच मिळालं नसतं. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. एकजण म्हणाला बॅटरी उलटी लावून बघू. लावली. तोच बल्ब जास्त. आता तो शेवटचा होता ना! “तो पहले वाली बात तो गई,” महक स्वतःच म्हणाली, आणि पेन्सिल तोंडातून काढून हसली. बल्बांच्या जागा बदलून बघू असं कुणीतरी म्हणत होतं, तेवढ्यात घंटा झाली. मूल्यमापनाचे प्रश्न राहिले, गृहपाठ राहिला, चार्ट गुंडाळलेलाच राहिला.

सरांनी शेरा लिहिला: विषयज्ञान अपुरं. शिक्षिकेनं विद्यार्थ्यांसमोर अज्ञान कबूल केलं. वर्गनियंत्रण नाही. पाठ अपूर्ण, पुन्हा घ्यावा.

मी त्यांना म्हणाले, सर, तो पाठ अपूर्ण नव्हता, तो सुरू झाला होता. त्यांनी मान हलवली. “मॅडम, मैं समझता हूँ. पर फॉर्म में इसका कॉलम नहीं है.” खरंच नव्हता, मी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. आवाज, फलकलेखन, साहित्याचा वापर, वेळेचं नियोजन, पेहराव. पेहरावाला जागा होती. मूल विचार करू लागलं तर ते लिहायला जागा नव्हती.

दुसरा पाठही गेला तर पूनमचं वर्ष जाणार होतं. शिक्षक भरतीचा फॉर्म भरता येणार नव्हता, आणि घरचे तिला रेवाडीला परत बोलावण्याच्या तयारीत होतेच. दोन दिवसांनी ती लॅबमध्ये माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “मॅम, दो बिल्कुल बराबर वाले बल्ब मिल जाएँगे?”

इथे मला काही म्हणता आलं असतं. अठ्ठावीस वर्षं मी हेच तर म्हणण्यासाठी जपून ठेवलं होतं. पण मी कपाट उघडलं आणि डब्यातले सगळे बल्ब काढले. एकेक जोडी लावून बघितली, पडदे ओढून, डोळे बारीक करून. शेवटी दोन अगदी सारखे सापडले. ते मी कापसात गुंडाळून तिच्या हातात दिले. “फिकर मत करो,” असंही म्हणाले. वर आणखी तिला सांगितलं की महकला या वेळी काही विचारू नकोस.

पुढच्या आठवड्यात तोच वर्ग, तोच पाठ, तोच तास. वर्गाला हेही अंगवळणी पडलेलं आहे, एकच गोष्ट दोनदा पहिल्यांदा शिकायची. पूनमनं नवी साडी नेसली होती. प्रस्तावनेचे तीन प्रश्न झाले, उजवे हात वर झाले. चौथ्या प्रश्नाला सगळे गप्प बसले. स्विच दाबला. दोन्ही बल्ब सारखे पेटले.

“दोनों बल्ब कैसे जल रहे हैं?”

“बराबर, मॅम,” वर्ग एका सुरात म्हणाला.

महकला कुणी विचारलं नव्हतं. ती उभी राहिली. “मॅम, ये वो वाले बल्ब नहीं हैं.”

पूनमनं सरांकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, थेट, वर्गाच्या त्या टोकावरून या टोकाला. मी काहीतरी करीन असं तिला वाटलं असावं. मी मान खाली घातली आणि मांडीवरच्या फॉर्मवर तारीख लिहू लागले. आणि मला पूनमचा आवाज ऐकू आला, गोड, बिलकूल न चढवलेला.

“बैठ जाओ, बेटा.”

शेरा आला: अतिउत्तम. मी सही केली. पूनम पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला मध्येच धरलं, कारण मला ते सहन होईना.

त्या संध्याकाळी गाझियाबादला घरी आले तर बाबा बाल्कनीत माळ घेऊन बसलेले. ते आता माझ्याकडेच असतात, पंच्याऐंशी पूर्ण झाली. माळ नवी, प्लास्टिकची, बंद. “यात बल्ब निघतच नाही गं,” ते वैतागून म्हणाले. “गेली की फेकून द्या म्हणतात. बदलून बघायची सोयच ठेवली नाही मेल्यांनी.”

मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. सुनीताचंसुद्धा. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगताना मी विद्यापीठाला शिव्या दिल्या, दोन्ही इमारतींना दिल्या, फॉर्म छापणाऱ्याला दिल्या. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते सगळं खरं. पण बल्ब कुणी शोधून दिले?”

“मी.”

“मग त्या महकला सांगितलंस का?”

“काय?”

“की तिचं बरोबर होतं म्हणून.”

खालून सप्तपर्णीचा वास येत होता. बाबा पुन्हा त्या माळेच्या मागे लागले, नखानं प्लास्टिक उचकटून बघत.

राग कुणावर काढावा हे मी अठ्ठावीस वर्षं फार बारकाईनं ठरवत आले होते, आणि त्या यादीत माझं नाव मी कधी घातलं नव्हतं. विद्यापीठानं मला शिकवणं शिकवलं नाही हे खरंच आहे. पण जे एक त्यानं शिकवलं, मुलीला गोड आवाजात खाली बसवणं, ते मी इतकं मन लावून शिकले की पूनमला ते शिकवायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. तिला विद्यापीठानं बिघडवलं असं म्हणून हात झटकायला मी मोकळी नाही. ती माझ्याकडे चांगली आली होती.

दुसऱ्या दिवशी मी दहावी बी वर गेले. तास माझाच होता. पूनमला बरोबर नेलं. ती येत नव्हती, मी हात धरून नेलं. एका हातात फळी, दुसऱ्या हातात दोन डबे, पहिल्या दिवसाचे बल्ब एकात, दुसऱ्या दिवसाचे दुसऱ्यात. मी उभी राहिले आणि म्हणाले, “कल के लेसन में बल्ब मैंने बदले थे. पूनम मॅम ने माँगे थे, पर ढूँढकर मैंने दिए. महक ने सही कहा था. उसे बैठाना नहीं चाहिए था.”

मला वाटलं होतं महकचा चेहरा उजळेल. काहीच झालं नाही. ती पेन्सिल चावत माझ्याकडे बघत राहिली, जरा अवघडून, मोठी माणसं माफी मागतात तेव्हा मुलं अवघडतात तशी.

“पता था, मॅम,” ती म्हणाली.

“तुम्हें तो पता था. मैं सबको बता रही हूँ.”

“सबको पता था, मॅम.”

मी वर्गाकडे पाहिलं. चाळीस चेहरे. कुणी बाकाकडे बघत होतं, कुणी खिडकीकडे. कुणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. पुढच्या बाकावरची मुलगी मला समजावल्यासारखी हळूच म्हणाली, “सर बैठे थे ना, मॅम. इसलिए हमने बराबर बोला.” आणि लगेच पूनमकडे बघून, “आपका पास हो गया ना, दीदी?”

पूनम रडायला लागली. मला रडू आलं नाही. संतापानं कानशिलं तापली होती. ज्या मुलांना शिकवायला आम्ही शिकत होतो, त्यांनी आमच्यासाठी दिसणारी गोष्ट दिसत नाही असं सांगितलं होतं, एका सुरात, मायेनं. आम्ही नापास होऊ नये म्हणून.

मी पहिला डबा उघडला, ते जुने, असमान बल्ब फळीवर लावले आणि महकला पुढे बोलावलं. “उस दिन जो रह गया था, वो करो. जगह बदलकर देखो.”

ती आली. बल्बवर बोटं ठेवली आणि थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पूनमकडे. मग मान वळवून शेवटच्या बाकाकडे आणि दाराकडे पाहिलं. तिथे कुणी बसलेलं नाही याची नीट खात्री झाल्यावरच तिनं बल्ब फिरवून बाहेर काढला.